पोकळ हाताची थाप

३ फेब्रुवारी

पिटुकले,

तुला खूप आशीर्वाद, आणि तुझ्या दोन हातांना वेगळे.

तू गाडीत बसलीस, मी घरी आले, आणि आधी हात धुतले, तू सांगितलं होतंस तसे कोपरापर्यंत. मग तुझ्या आजोबांना म्हटलं, चला, पालथे व्हा. म्हणाले, "अंगाला हात लावलास तर तोडून टाकीन." म्हटलं, तोडा, पण आधी पालथे व्हा. पोटाखाली उशा सरकवल्या, डोकं पलंगाच्या कडेला खाली, तळहाताची वाटी केली, आणि दिली की गं एक! मग दुसरी! खांद्यापासून खाली, फासळ्यांवर, टापटाप टापटाप, अगदी घोडा पळाल्यासारखा आवाज.

काय सांगू तुला. एवढा आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

उभा जन्म या माणसाने मला ठोकलं. लोखंड ओतायच्या ओतशाळेतून यायचे, साच्याची वाळू अंगावरून झटकायच्या आधी माझ्यावर हात. हा डावा कान त्यांनीच घालवला, पुढचा दात त्यांच्याच खात्यात. आणि आता एवढा मोठा दवाखाना, पांढऱ्या कोटातली माणसं, मला सांगतात की आजीबाई, छातीतला कफ सुटायला सकाळ-संध्याकाळ याला ठोका, हेच औषध. मी हसू नको तर काय करू?

तर ठोकत होते, ते शिव्या देत होते, माझ्या आईपर्यंत गेले, आजीपर्यंत गेले. मग खोकला आला. तोंड जांभळं, डोळे बाहेर, हातपाय झाडतायत, मला वाटलं गेला बाई म्हातारा. आणि भांड्यात पडला हा एवढा बेडका, काळपट, चिवट, त्यात अजून ओतशाळेची वाळू असेल. त्यानंतर जो श्वास घेतला ना, तो स्वयंपाकघरात ऐकू गेला असता. घरघर नाही, शिट्टी नाही.

आणि श्वास मिळाल्यावर पहिलं काम काय केलं असेल? काठी उचलली आणि माझ्या नडगीवर हाणली. म्हटलं बघा, औषध लागू पडलं.

फोन करू नकोस. तू बोलताना सिगारेटचं नाव काढलंस म्हणून त्यांनी फोन भिंतीवर फोडला, तुकडे मी केरात टाकले. पत्र लिही. समोर शिवणकामवाली बाई आहे, ती माझं पत्र पेटीत टाकते, तिला मी बटणं लावून देते. मी दुसरीपर्यंतच शाळेत गेले, मग भाऊ झाला आणि मला घरी बसवलं, ते जाऊ दे. काना मात्रा चुकली तर सांभाळून घे.

तुझी आजी


१० फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी दवाखान्याच्या जिन्यात बसून वाचलं. इतकी हसले की वरून एका सिस्टरने डोकावून पाहिलं. मग परत वाचलं, तेव्हा तेवढं हसू आलं नाही.

आता नीट ऐक. हात पोकळच ठेवायचा. आत हवा हवी, आवाज हवा, लागायला नको. कण्यावर नाही, कमरेवर नाही, पोट भरलेलं असताना नाही. दुखतंय म्हणाले तर थांबायचं. ते आयुष्यात कधी थांबले असतील-नसतील, तू थांबायचं.

आणि एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तिथले डॉक्टर आजोबांना घरी सोडायला तयार नव्हते. म्हणत होते, ही फुप्फुसं रोज मोकळी झाली नाहीत तर कफात बुडून जातील, घरी कोण करणार? तेव्हा माझ्या वरिष्ठ बाईंनी फोनवर त्यांना शब्द दिला की आमची मुलगी शिकवून येईल. माझी फिजिओथेरपीची नोकरी अजून पक्की नाही आजी. काही चुकलं तर आजोबा जातील, आणि मला कोणी रोग्याला हात लावू देणार नाही. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

म्हणून खरं सांग. नवीन औषध सुरू झालं तर लगेच कळव. पाय कसे आहेत? बोटं अजून निळी होतात का?

आणि ते अजून मारतात का, हे मी विचारणार नाही, कारण तू नडगीचं लिहिलंच आहेस. काठी लपव.

तुझी पिटुकली


२१ फेब्रुवारी

पिटुकले,

काठी लपवली. मग त्यांनी वाफेचं भांडं फेकून मारलं, ते चुकलं, भिंतीला पोचा पडला. तू म्हणशील भांड्याला पोचा पडतो. नाही, भिंतीला. अजून हातात जोर आहे हो. हा जोर फुप्फुसात असता तर काय बिघडलं असतं?

पण माझं ठोकणं अगदी वेळच्या वेळी. आता ते शिव्यासुद्धा चालीवर देतात, टापटाप, एक शिवी, टापटाप, एक शिवी. शिवणकामवाली म्हणते तुमच्याकडे गाणं शिकवतात की काय.

पायाचं विचारलंस. बोटं निळीच होती, त्यात मागच्या आठवड्यात डावी पोटरी टम्म सुजली, लाल, हात लावला तर हे किंचाळले. गेलो पायाच्या डॉक्टरांकडे. शिरेत रक्ताची गाठ झाली म्हणाले. वर सरकली तर थेट फुप्फुसात जाते, जागच्या जागी खलास. पोटात सुया टोचल्या, आता रक्त पातळ करायची गोळी आहे, तिळाएवढी. डॉक्टरांनी तळहातावर ठेवून बजावलं, यांना कापू देऊ नका, पडू देऊ नका, कुठे धडकू देऊ नका. मी काय कमी आहे? वस्तरा उचलून ठेवला, दाढी वाढलीय, आता अगदी साधू दिसतात, फक्त बोलत नाहीत तोपर्यंत. दात घासायला लहान मुलांचा ब्रश आणला. टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या, पलंगाच्या कडेला गोधडी शिवली. पाठ ठोकण्याचं त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही. पायाच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगायचं, त्यांना राग येतो एकमेकांचा.

पाठीवर माझ्या हाताचे निळे ठसे उठतात हल्ली, बोटं मोजून घ्यावीत असे. आतला काळेपणा बाहेर येतोय असं मला वाटतं. कफही भरपूर पडतोय.

आणि आनंदाची बातमी, तुझा मामा आलाय! बापाचा पाय बघायला. किती वर्षांनी या घरात पाय ठेवला त्याने. त्याचं काय आहे, लहानपणी यांनी त्याला ओल्या दोरीने फोडलेलं, एकदा तर गळ्याजवळचं हाड मोडलं, अजून खांदा वाकडा आहे. मला वाटलं होतं दारातूनच परत जाईल. पण बसला, चहा प्याला, मी ठोकत होते ते बघत राहिला. ठसे बघितले आणि काय हसला! म्हणाला, "आई, तुझी मजा आहे." मग म्हणाला, "संध्याकाळची पाळी माझी. तुझी मनगटं दुखत असतील." बघ, पोराला बापाची माया आलीच शेवटी. यांनी मात्र मान वळवून घेतली. लाजले असतील.

आता पत्र पुरे, वाफेचं पाणी उकळलं.

तुझी आजी


२५ फेब्रुवारी

आजी,

थांब. हे पत्र हातात पडलं की त्याच क्षणी थांब. सकाळची पाळी नाही, संध्याकाळची नाही, कोणाचीच नाही.

ती तिळाएवढी गोळी असताना पाठ ठोकत नाहीत. रक्त पातळ झालंय, ते ठसे म्हणजे आतून रक्त सांडलंय. काळेपणा वगैरे काही नाही. उद्या सकाळी छातीच्या डॉक्टरांकडे ने आणि पाठ उघडी करून दाखव. दोन डॉक्टरांचा राग मी बघून घेईन.

मामाला फोन लावला. म्हणाला, सगळं उत्तम, काळजी करू नकोस, आम्ही मस्त ठोकतोय, आणि हसला. त्याचं हसणं मला आवडलं नाही. परत लावला तर उचलत नाही.

आजी, आजोबा लाजले नाहीत. तू इतकी वर्षं त्यांना ओळखतेस. लाजून मान वळवणारे आहेत का ते?

पिटुकली


२७ फेब्रुवारी

पिटुकले,

आजोबांना दवाखान्यात आणलंय. छातीत रक्त साठलं. बरगड्या मोडल्यात. बाजूला भोक पाडून नळी घातली आहे, बाटलीत लाल पाणी येतं. बोलता येत नाही, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे.

माझ्याच हातून झालं. ठोकताना भान राहिलं नाही. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्यावर काही येणार नाही. मी सगळ्यांना सांगितलंय की तू बरोबरच शिकवलंस, मीच जास्त मारलं.

तुझ्या आईला कळवू नकोस.

आजी


५ मार्च

आजी,

मी निघाले होते. पिशवी भरली होती, चपला घातल्या होत्या. तेवढ्यात तुझं पत्र आलं आणि मी चपला काढून बसले. मला तुझ्यासमोर यायचं धैर्य झालं नाही, आणि खरं सांगू, तुझा रागही आला.

तुला आनंद होत होता. पहिल्या पत्रातच होता. तुझ्या जागी मलाही झाला असता, पण मी ते वाचून हसले. हसायला नको होतं. ज्या बाईला जन्मभर मार मिळाला तिच्या हाती मी मारणाऱ्याची उघडी पाठ दिली आणि म्हटलं, औषध आहे, दे. तू विसरलीस की हात पोकळ ठेवायचा असतो. किंवा विसरली नाहीस. मला ते जाणून घ्यायचं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी माझ्या बाईंना फोन केला होता. आजोबांनी मास्क बाजूला करून त्यांना सांगितलं म्हणे, "हिनेच मारलं. नातीने शिकवलं." बाई मला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मी राजीनामा लिहिलाय. बाई म्हणाल्या, दोन आठवडे घे आणि विचार कर. विचार काय करायचा? काल एक म्हातारा पालथा पडून माझी वाट बघत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो मला उचलताच येईना. डोळ्यांसमोर तुझे ठसे. शेवटी दुसरीला बोलावलं.

मी हे काम सोडतेय. तू काळजी घे. आजोबांना काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

पिटुकली


११ मार्च

पिटुकले,

आता आशीर्वाद नाही, आधी एक ठेवून देते तुला, कागदावरच. राजीनामा फाड.

तुझं थांब-थांबचं पत्र मला दाराखाली सापडलं, मी कपडे न्यायला घरी आले तेव्हा. आणि हे दुसरं आज. वाचलं आणि बसले नाही. पदर खोचला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. काय सांगितलं ते तुलाही सांगते, पहिल्यापासून.

तुझ्या मामाची पाळी चार संध्याकाळी नीट गेली. मी समोर बसून बघत होते, हात पोकळ ठेव म्हणत होते, तो ठेवतही होता. पाचव्या दिवशी मी मोरीत यांचा औषधाच्या वाफेचा मास्क धूत बसले. आवाज बदलला. टापटाप नव्हती गं. ओलं पोतं काठीने बडवावं तसा आवाज. धावत आले तर तुझे आजोबा पालथे, पोटाखाली उशा, डोकं कडेला लोंबतंय, वळता येत नाही, उठता येत नाही. तुझा मामा पलंगावर गुडघा रोवून उभा, मुठी आवळलेल्या. कुशीत मारत होता, काखेखाली, जिथे मांस नाही. आणि तोंडाने म्हणत होता, "बोल. चुकलं म्हण. म्हण चुकलं."

हे वाक्य त्याचं नाही. हे यांचं. दोरी मारताना हे असंच म्हणायचे त्या पोराला.

आणि म्हातारा म्हणत होता गं. मी ओठ बघितले. म्हणायचा प्रयत्न करत होता. पण ते म्हणायला श्वास लागतो, आणि तोच नव्हता.

मी ओरडले, ऐकेना. हात धरला, झटकला. मग मी यांच्या पाठीवर आडवी पडले. दुसरं काही सुचलं नाही, माझं एवढंसं अंग. पुढचे गुद्दे माझ्यावर पडले, गालावर, कानावर, बऱ्या कानावर. माझ्या खाली काहीतरी काडकन मोडलं ते मला पोटाला जाणवलं. यांच्या तोंडातून गरम गरम माझ्या हातावर आलं, लाल, फेसाळ. आणि तुझा मामा थांबेना, कारण त्याला दिसतच नव्हतं कोणाला मारतोय. शेवटी मी हात लांब करून उशाशी ठेवलेलं वाफेचं भांडं ओढलं आणि उकळतं पाणी त्याच्या हातांवर ओतलं.

तेव्हा थांबला. हाताची सालं निघाली. लहान असताना रडायचा तसा रडला, तोंड उघडं टाकून, आवाज नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू पण तर मारत होतीस. हसत होतीस."

शिवणकामवाली धावत आली, तिने गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कोणी मारलं, तर यांनी माझ्याकडे बोट केलं. पोराला वाचवत होते की मला बुडवत होते, देव जाणे. मी म्हटलं, दोन्ही असेल, आणि चालेल. मला काय करणार? म्हातारीला कोण आत टाकतो? पोराचं अजून सगळं आयुष्य आहे. म्हणून तुला तसं लिहिलं. मला काय माहीत की तू ते वाचून स्वतःचेच हात कापून घेशील.

तर आज डॉक्टरांसमोर उभी राहिले. तुझा मामाही होता तिथे, हाताला पट्ट्या. मी म्हटलं, साहेब, पाठीवरचे डाग माझे, बरगड्या याने मोडल्या. गोळीचं मी छातीच्या डॉक्टरांना सांगितलं नाही ही माझी चूक, नातीने विचारलं होतं. पण तिने शिकवलं त्यात हाड मोडण्यासारखं काही नव्हतं. मोडणारं या घरात आधीपासून होतं. मामा म्हणाला, "आई!" मी म्हटलं, "बाळा, तुला मारलं तेव्हा तू लहान होतास, तुझी काही चूक नव्हती. आता मारणारा तू आहेस. तेव्हाच्या मारावर आजचा मार ढकलू नकोस."

मग सगळे मिळून यांच्या खाटेकडे गेलो. मी मास्कला हात लावला नाही, फक्त विचारलं, अहो, तुमच्या लेकाने मारलं ना? बाटलीत बुडबुडे येत होते. मग मान हलवली, हो.

डॉक्टरांनी तुझ्या बाईंना लगेच फोन केला, मी तिथून हलले नाही, संपेपर्यंत, शेवटी फोन हातात घेऊन बाईंनाही सुनावलं. पोलीस आले, मामाला घेऊन गेले. तो गेला तो मला नमस्कार करून गेला, पट्ट्या बांधलेल्या हातांनी. उद्या भेटायला जाणार आहे. गेल्याबरोबर एक ठेवून देणार होते. नाही देणार. ते आता बंद.

यांचं म्हणशील तर जगतील म्हणतात. दोन बोटं काढली पायाची, बाकी पाय राहिला. गोळी चालूच राहणार, म्हणून ठोकणं कायमचं बंद. इथली मुलगी त्यांना नवीन शिकवते, आरशावर वाफ सोडतो ना तसं, हाऽ करून, आतून, म्हणजे कफ आपला आपण वर येतो. कोणी अंगाला हात लावायचा नाही. यांना राग आला, स्वतः करावं लागतं म्हणून. काल माझ्यावर हात उगारला, खाटेवरून. मी मनगट धरलं आणि म्हटलं, हा खाली ठेवा, नाहीतर मी नातीकडे निघाले, आणि हाऽ करायला तुम्हाला भिंत मिळेल. ठेवला. मी चादर ओढून दिली.

आता तुझं. आपल्या घरात हात पुष्कळ झाले. यांचा, मामाचा, माझाही धर. त्यातला एकच असा निघाला की ज्याने लोकांना श्वास येतो. तो मांडीखाली घेऊन बसू नकोस. सोमवारी कामावर जा.

तुझी आजी


१८ मार्च

आजी,

गेले होते. राजीनामा बाईंनीच फाडला, माझ्या हातून घेऊन. म्हणाल्या, "तुझ्या आजीने मला फोनवर दम दिलाय, मी अजून घाबरलेली आहे."

पहिलाच रोगी एक गृहस्थ, सिगारेटने फुप्फुसं गेलेली, धिप्पाड, चिडका. आधी सगळी औषधं तपासली, एकेक गोळी हातात घेऊन विचारली. तो म्हणाला, "झडती घेता का?" मी म्हटलं हो. मग पालथा झाला, मान वळवली, आणि एवढा मोठा माणूस हळूच विचारतो, "लागेल का?"

माझा हात वरच होता आजी. मी म्हटलं, "लागायला नको. लागलं तर सांगा. एकदा म्हणालात की मी थांबेन."

मी सुरुवात केली. थोड्या वेळाने म्हणाला, "थांबा."

थांबले. विचारलं, "दुखलं?"

म्हणाला, "नाही. खरंच थांबता का ते बघत होतो. करा आता."

तुझी पिटुकली